होतकरू गुप्तहेरासाठी प्राथमिक पाठ (सोलापूर आवृत्ती)

पात्रता

वय सोळा ते एकोणीस असावं. त्याहून लहान असलात तर पहाटे साडेचारला घराबाहेर सोडत नाहीत, आणि मोठे असलात तर पहाटे साडेचारला तुम्हालाच नळावर उभं करतात. बारावी चालू असेल तर उत्तमच. बारावीतलं पोरगं रात्री दोनला खिडकीत बसलेलं दिसलं तरी गल्लीत कोणी संशय घेत नाही, उलट आईचं कौतुक होतं.

भाषा चार. मराठी घरातून मिळेल. पूर्व भागात तपास करायचा तर तेलुगू, अक्कलकोटच्या दिशेला सरकलात की कन्नड, आणि या दोन्हींमधल्या मोकळ्या जागेत आपली दखनी वळणाची उर्दू. बोलता आली नाही तरी चालेल, समजली पाहिजे. किंबहुना समजते हे कोणाला कळता कामा नये. सोलापुरात माणसं खोटं बोलायचं झालं की घरची भाषा सोडून मराठीत येतात, आणि खरं बोलायचं झालं की आवाज खाली करून घरच्या भाषेत जातात. एवढं एक लक्षात ठेवलंत तर निम्मा तपास झाला.

परवाना लागत नाही. खाजगी गुप्तहेरांवर नियंत्रण आणणारं एक विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडलं गेलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे भज्याची गाडी लावायला कागद लागतात, मृत्यूचा छडा लावायला लागत नाहीत. पण हुरळून जाऊ नये. परवाना नाही तसे अधिकारही नाहीत. कोणाच्या घरात शिरता येत नाही, कोणाचा मोबाइल उघडता येत नाही, कोणाला दरडावून विचारता येत नाही. फक्त बघता येतं, आणि बघायला लागलात की पहिला प्रश्न येणार, "काय बघलालास बे?" त्याचं उत्तर आधीच तयार ठेवावं. "मांजर" हे उत्तर बरं. मांजर सगळीकडे असतं आणि विचारणाऱ्याने वळून पाहीपर्यंत गेलेलं असतं.

पूर्वजांविषयी

मराठीत ही विद्या जुनी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली आणि त्यांच्या धनंजयाने किती खून उकलले याची मोजदाद ठेवायला वेगळा कारकून लागला असता. पण तुमचा खरा कुलपुरुष भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, राहणार फुरसुंगी. २०१७ साली आदित्य सरपोतदारांनी त्याच्यावर चित्रपट काढला तेव्हा अमेय वाघचा हा फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, एका विद्यार्थ्याच्या मृत्यूला आत्महत्या म्हटलं जातं, ते त्याला पटत नाही, आणि तिथून पुढे तो अख्खं प्रकरण खणून काढतो. स्वतः भागवतही त्या चित्रपटात आहेत, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. ही सोय फेण्याला होती. तुमचा लेखक तुमच्या मदतीला येणार नाही. आणखी एक: फेण्याचा तपास पुण्यातला. पुण्याच्या पेठांत खलनायक मिळतात. सोलापुरात शेजारी मिळतात, आणि ते जास्त अवघड.

साहित्य

भिंग नको. हातात भिंग दिसलं की पोरं जमतात. वही, पेन, आणि आवाज न करणारी चप्पल. टेप नसेल तर वीत चालते, फक्त आपली वीत किती सेंटिमीटरची हे घरी पट्टीवर मोजून ठेवावं. मोबाइलने फोटो जरूर काढावेत, मयताचे सोडून. ते काढणारे गल्लीत आधीच चार जण असतात.

आणि नळाचं वेळापत्रक. इतर शहरांतला गुप्तहेर रेल्वेचं वेळापत्रक पाठ करतो. सोलापूरचं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येतं, आणि गल्लीत ते रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी त्याहून जास्त. चावीवाला चावी कधी फिरवेल त्यावर शहराची झोप ठरते. त्यामुळे इथला साक्षीदार "मंगळवारी रात्री" असं सांगत नाही, "पाण्याच्या आदल्या दिवशी" असं सांगतो. एके काळी गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले, आता नळावर चालतं. पाण्याच्या पहाटे सबंध गल्ली जागी असते, प्रत्येकजण स्वतःच्या घागरीकडे बघत असतो, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या अंगणात काय घडलं हे कोणीच पाहिलेलं नसतं.

सरावासाठी एक मयत

प्रत्यक्ष प्रकरण हाती येईपर्यंत काल्पनिक मयतावर हात बसवावा. घर पूर्व भागातलं, शेजारी दोन यंत्रमागांचं शेड, पुढे शहाबादी फरशीचं अंगण, अंगणाखाली हौद. चैत्र संपत आलेला. पाण्याचा दिवस. वय वर्षं सत्तरचे आजोबा, गिरणीतून निवृत्त, पहाटे साडेचारला हौदात पडलेले सापडले. हौदात कमरेएवढं पाणी. घरचे म्हणतात, पाय घसरला. गल्ली म्हणते, पाय घसरला. सहा वाजेपर्यंत शेजारच्या दोन गल्ल्याही तेच म्हणायला लागतात. "ते कसं घसरतील, चाळीस वर्षं त्याच फरशीवरून चालत होते" असा विचार ज्याच्या मनात येतो तो तुम्ही.

मयताला हात लावू नये. रडणाऱ्या बायकांच्या मधून वाट काढू नये. दाराशी उभं राहून अंगण पाहावं. काय दिसतं ते सांगतो.

आजोबांच्या चपला पायरीपाशी जोडीने ठेवलेल्या. इथे नवशिक्याचं काळीज धडधडतं. घसरलेल्या माणसाची एक चप्पल हौदात आणि एक फरशीवर हवी. जोडीने काढून ठेवल्या म्हणजे माणूस ठरवून उतरला. आत्महत्या! वहीत मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारण्याचा मोह होतो. मारू नयेत. अंगणातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारावं. ती सांगते, हौदाचं पाणी देवाला जातं, त्यांनी जन्मात कधी चपला घालून हौदाला हात लावला नाही. रेघा न मारल्याचं समाधान वाटतं, पण आणखी एक गोष्ट नोंदवायची राहते: माणूस ओल्या फरशीवर अनवाणी होता.

दुसरं, कोणी काही ऐकलं नाही. त्यात गूढ नाही. शेडमधले माग रात्रपाळीला चालू असले की त्या भिंतीलगत माणूस ओरडला काय आणि गायला काय, सारखंच.

तिसरं, सून. तीच पहिली पोहोचली. वाकून सासऱ्यांचा दंड धरायला गेली, आधाराला नळाचा पाइप पकडला आणि, तिच्या शब्दांत, "भीतीनं हात असा झिणझिणला की सोडूनच दिला." नवशिका हे वहीत 'भावना' या सदराखाली लिहितो. लिहू द्यावं. हे वाक्य नंतर लागणार आहे.

चौथं बघायला मात्र उशीर चालत नाही. सबंध अंगण पाण्याने भिजलेलं, आणि नळाजवळ, हौदाच्या तोंडापासून दोन वितींवर, फरशीचा एक चौकोन कोरडा. विटेपेक्षा थोडा मोठा, कडा सरळ. पावणेसहाला तो दिसतो. सोलापूरच्या चैत्रातलं ऊन वर आलं की सात वाजता सगळं अंगणच कोरडं होतं, आणि मग कोरड्या फरशीवर कोरडा चौकोन शोधायला शेरलॉक होम्सच यावा. पोलीस येतात आठ-साडेआठला. त्यांना तो चौकोन दिसणं शक्यच नाही, त्यात त्यांची काही चूक नाही.

पंचनामा

आता कागद सुरू होतात. गुप्तहेरकथांत हा भाग वगळलेला असतो, म्हणून तो इथे देतो. संशयास्पद किंवा अकस्मात मृत्यूची खबर आली की पोलीस आधी गुन्हा नोंदवत नाहीत, अकस्मात मृत्यूची नोंद करतात. ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृतदेहाचं वर्णन, जखमा, खुणा, मृत्यू कशामुळे झाला असावा हे लिहायचं, आणि अहवाल कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. या रहिवाशांना पंच म्हणतात. पंच होण्याची तुमची तीव्र इच्छा असेल. वय आडवं येतं. पंच म्हणून बहुधा कोपऱ्यावरचे किराणावाले काका जातात, कारण ते घराबाहेरच उभे असतात आणि नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

हद्द आधी पाहून ठेवावी. शहरात फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, सदर बझार, सलगर वस्ती, विजापूर नाका, एमआयडीसी अशी पोलीस ठाणी आहेत. यातल्या पहिल्याचं नाव ऐकूनच गुप्तहेर व्हावंसं वाटतं हे मान्य, पण मयताने आपली हद्द तुमच्या आवडीवर निवडलेली नसते.

तिथून मयत सिव्हिलला. शवविच्छेदनाविषयी तुमचा समज असा असतो की डॉक्टर आत जातात आणि खुन्याचं नाव घेऊन बाहेर येतात. बुडून मेलेल्या माणसाच्या नाकातोंडाशी बारीक फेस दिसतो, फुप्फुसं पाण्याने फुगलेली असतात, हे खरं. विजेचा धक्का बसला असेल तर जिथे तार लागली तिथे कातडीवर फिकट, कडा उचललेली छोटी भाजल्याची खूण सापडू शकते, हेही खरं. पण अंग आणि जमीन ओली असेल, स्पर्श मोठ्या भागाला झाला असेल, तर ती खूण मुळीच उमटत नाही असंही होतं. अशा वेळी शरीर गप्प राहतं. 'व्हिसेरा राखून ठेवला' एवढं एक वाक्य हाती पडतं आणि वाट पाहणं सुरू होतं.

शरीर गप्प राहिलं म्हणून प्रकरण संपत नाही, हे मात्र महाराष्ट्रानेच देशाला शिकवलंय. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या पुण्याच्या विधवा बाई डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर रेल्वेने मुंबईला निघाल्या. सकाळी बेशुद्धावस्थेत त्यांना जी. टी. हॉस्पिटलात दाखल केलं गेलं आणि काही तासांत त्या गेल्या. मृतदेह बेवारस राहिला. इकडे नातेवाइकांना बाईंच्या नावाने पत्रं येऊ लागली: मी जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलंय, जयपूरजवळ राठोडी इथे सुखात आहे. नातेवाइकांनी काय केलं असेल? भिंग घेतलं नाही. पत्रं जपून ठेवली, आणि पत्रातल्या बाई आपल्या बाईंसारख्या बोलत नाहीत असं म्हणत राहिले. शवविच्छेदनात विष सापडलं नाही. तरीही परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी आणि डॉक्टरांची वागणूक यांवर गुन्हा शाबीत झाला आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. 'लागू खटला' कायद्याची मुलं आजही वाचतात. तुम्हीही वाचावा. त्यात पाठलाग नाही, बंदूक नाही. माणूस गेल्यावर त्याच्या आजूबाजूचे कसे वागले, एवढंच आहे.

संशयित

इथे फार वेळ घालवू नये, पण नवशिका घालवतोच. भाडेकरू, कारण तो कमी बोलतो. पुतण्या, कारण मोहोळकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव चढवायचं राहिलंय. धाकटा मुलगा, कारण तो जास्त रडतो. सून, कारण ती कमी रडते. गल्लीतल्या प्रत्येक कुटुंबात एवढे संशयित निघतात की सोलापुरात कोणी म्हातारा होतोच कसा याचं नवल वाटावं.

घाईने बोट दाखवायची सुरसुरी आली की एकदा चार हुतात्मा पुतळ्यांपाशी जाऊन यावं. हा सल्ला गमतीचा नाही. मे १९३० मध्ये या शहरातून इंग्रजांची सत्ता काही दिवस उठली होती. मग मार्शल लॉ आला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. ते कृत्य या चौघांचं नव्हतं हे सोलापूर तेव्हाही सांगत होतं आणि आजही सांगतं. सरकारला गुन्हेगार हवे होते, ते सापडले. ज्या गावाने हे पाहिलंय त्या गावात गुप्तहेराने भाडेकरूविषयी तोंड उघडण्याआधी वहीची मागची पानं पुन्हा वाचावीत.

शेवटच्या प्रकरणात सगळ्या संशयितांना एका खोलीत जमवून खुलासा करायची प्रथा इंग्रजांची आहे. ती इथे आणू नये. जमवायला जमतात; पण आधी चहा होतो, मग कोणीतरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढतं, मग पुतण्या आणि भाडेकरू नात्यात लागतात असं निघतं, आणि तुम्ही "या खोलीतच..." म्हणेपर्यंत बाहेरून आरोळी येते, "पाणी सुटलं!" खोली रिकामी.

वाट पाहणे

कोरड्या चौकोनाकडे परत यावं. विटेपेक्षा मोठी, नळाशेजारी ठेवलेली, पाणी उडायच्या आधीपासून तिथे असलेली आणि साडेचार ते पावणेसहाच्या दरम्यान उचललेली वस्तू कोणती? सोलापूरच्या पोराला हे विचारायला लागू नये. मोटार. अर्ध्या हॉर्सपॉवरची. दाब कमी म्हणून नळाला थेट जोडायची आणि पाणी ओढून हौदात सोडायचं. हे नियमाबाहेर आहे, महापालिकेचं पथक फिरतं, मोटारी जप्त होतात, म्हणून प्रत्येक मोटार पाणी यायच्या वेळी बाहेर निघते आणि पाणी गेलं की खाटेखाली जाते.

अंगणात मोटार नव्हती. होम्सच्या एका गोष्टीत रात्री कुत्रा भुंकला नाही यावरून चोर सापडतो. तसं इथेही व्हायला हरकत नव्हती, पण अडचण अशी की त्या सकाळी गल्लीतल्या एकाही अंगणात मोटार नव्हती. पोलीस येणार म्हटल्यावर अठरा घरांनी अठरा मोटारी खाटेखाली सारल्या होत्या. खुनाच्या तपासात पुरावा नष्ट करणं हा गुन्हा असतो. इथे तो संपूर्ण गल्लीने, मयताच्या घराला खांदा द्यायला निघता निघता, सवयीने केला. तुमच्या आईनेही.

कोणाच्या खाटेखाली वाकून पाहता येत नाही. म्हणून पुढच्या पाण्यापर्यंत थांबायचं. पुढच्या पाण्याला बाकीच्या मोटारी बाहेर येतात, घुंईऽ करत चालू होतात. मयताच्या घरी मात्र थोरला मुलगा बादलीने हौद भरतो. इथे पुन्हा वही उघडायची घाई होते. थांबावं. घरात सुतक आहे. सुतकात माणसाला मोटार लावायचं सुचत नसेल. त्याच्या पुढच्या पाण्यालाही बादली. अजून तेरावा व्हायचाय, थांबावं. तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं, पाहुणे जातात, पाणी येतं. पाण्याला दाब नाही, करंगळीएवढी धार, तासाला एक पिंप भरेल की नाही. शेजारी स्वतःची मोटार देऊ करतो. थोरला मुलगा हात मागे घेतो. "नको," म्हणतो, आणि बादली उचलतो.

आता लिहा.

एक मापाचा हिशोबही लिहून ठेवा, कारण "फ्यूज उडाला नाही, मग शॉक कसला?" असं कोणीतरी म्हणणारच. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण चाळीस मिलीअँपिअर वीज घेतो. त्याच्या आसपासचा प्रवाह छातीतून काही सेकंद गेला तरी माणूस दगावू शकतो. पाच अँपिअरच्या फ्यूजची तार वितळायला त्याच्या शंभरपटीहून जास्त लागतं. माणूस जातो, फ्यूजला पत्ता लागत नाही. तो पत्ता लागावा म्हणून वेगळं उपकरण मिळतं, तीस मिलीअँपिअर गळती झाली की वीज तोडणारं. ते किती घरांत आहे हे मीटरबोर्डांवर नजर टाकून तुम्हीच मोजा.

आणि सुनेचं वाक्य आता 'भावना' या सदरातून काढून योग्य जागी न्यावं. नळाचा पाइप जमिनीखाली प्लास्टिकचा, वर हातभर लोखंडी. मोटारीच्या पितळी नळीला जोडलेला. त्याला हात लागला आणि हात झिणझिणला. भीतीला व्होल्टेज नसतं.

कबुली

ती संशयिताकडून मिळत नाही. शेजारच्या अक्काकडून मिळते, आणि मागायला गेलात तर नाही. तिच्याकडे इस्त्रीचे कपडे द्यायला जावं, बसावं, दोन विषय होऊ द्यावेत. मग ती स्वतःच आवाज खाली करते. भाषा बदलते. (चार भाषांची अट उगीच घातली नव्हती.) सुनेची धांदल दिसली तेव्हा ती धावत आली. खिडकीतून आलेली वायर ओढून काढली, दोघातिघांनी मिळून आजोबांना वर घेतलं, आणि मग तिच्या मनात आलं की आता पोलीस येतील, मोटार बघतील, एवढ्या दुःखात या पोरांना वर दंड. उचलली आणि आपल्या घरी चादरींच्या गठ्ठ्यामागे ठेवून दिली. वायरीच्या सांध्यावर काळी चिकटपट्टी होती, ती सुटली होती. दिवाळीपासून थोरला म्हणत होता, बदलतो. थोरल्याला हे कळलंय. अक्काला कळलंय की त्याला कळलंय. दोघं त्यावर एक अक्षर बोललेली नाहीत.

खलनायक शोधत आला होतात. हाती आली सहा रुपयांची चिकटपट्टी आणि 'उद्या बघू'. अशा वेळी नवशिके दोन प्रकारचे निघतात. पहिला हिरमुसतो आणि भाडेकरूचा नाद पुन्हा धरतो. दुसरा अक्काच्या घरातून उठताना जरा वेळ पायात चप्पल सरकवत राहतो, कारण कायदा त्यालाही माहीत असतो: निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. ज्याचा बाप गेला त्याच्यावरच.

माझं मत विचाराल तर सांगतो. या पुस्तिकेत मत मांडायची सोय नाही, तरी मांडतो. दोन आठवडे तो मुलगा एकटा बादलीने हौद भरतोय, आणि गल्लीत सतरा मोटारी तशाच चिकटपट्टीवर चालू आहेत. गप्प राहून त्याची शिक्षा कमी होत नाही. त्याच्याशीच आधी बोलावं. थोरला आहे, दादा म्हणावं, गच्चीवर गाठावं, आणि सोबत जाऊ म्हणावं. जवळजवळ नेहमी तो हो म्हणतो. तो त्या प्रश्नाचीच वाट बघत असतो.

अर्ज

पोलीस तुमचा जबाब घेतील. चित्रपटात नायक जबाबाखाली झोकदार सही करतो. प्रत्यक्षात तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते, कायदाच तसं म्हणतो. सहीची सवय करून ठेवली असेल तर ती अर्जावर वापरावी. अर्ज दोन प्रतींत, एक ठाण्यात, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून परत. त्याला पोच म्हणतात. तिसरी प्रत विद्युत निरीक्षकांकडे. वीज अपघातांची चौकशी करणारे हे सरकारी अधिकारी असतात, विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ मध्ये या चौकशीची तरतूद आहे, आणि गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या एकाही लेखकाने अजून त्यांच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. नमुना असा:

'प्रति, मा. पोलीस निरीक्षक. विषय: मोटार न दिसल्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार, इयत्ता बारावी, विज्ञान शाखा, अर्ज करतो की, अमुक तारखेस पहाटे पावणेसहा वाजता अंगणातील फरशीवर सव्वा वीत गुणिले पाऊण वीत (माझी वीत वीस सेंमी.) एवढी जागा मला कोरडी दिसली...'

ठाणे अंमलदार अर्ज वाचून वर पाहतील आणि "मोटार न दिसल्याबाबत?" असं विचारतील. हो म्हणावं. मग ते तुम्हाला बसायला सांगतील, सोबतच्या दादालाही सांगतील, आणि विषयाच्या ओळीत दुरुस्ती सुचवतील. ती करू द्यावी, अशा ओळी त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त लिहिलेल्या असतात. फक्त पोच घेतल्याशिवाय उठू नये. आणि परत येताना फार रेंगाळू नये, उद्या पाणी आहे. घरची मोटार खाटेखालून काढून तिच्या वायरीचा सांधा आजच उजेडात बघायचा आहे, प्लग काढून.